दोन सारख्या फोनांपैकी कोणता?



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो दिसावयास लहान आहे; परंतु ज्या घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरात तो केव्हा ना केव्हा निघतोच. विद्यार्थ्यासाठी स्मार्टफोन घ्यावयाचा आहे, हाती दहा-बारा हजार रुपये आहेत, आणि दुकानदाराने काचेवर दोन फोन शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. दोहोंची उंची-रुंदी तीच, पडदा तेवढाच, बॅटरी तेवढीच, कॅमेऱ्याचा आकडाही तोच. किमतीत मात्र पाचशे-हजारांचे अंतर. अशा वेळी निवड करावी तरी कशी?

हा प्रश्न केवळ चैनीचा असता, तर त्याकरिता आपला वेळ घेण्याचे कारण नव्हते. पण प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा सांकेतिक अंक, प्राध्यापकांनी पाठविलेली टिपणे हे सारे आज फोनवरूनच येते आणि जाते. २०२० व २०२१ साली महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद होती, तेव्हा ज्या घरी फोन एक आणि शिकणारी मुले दोन, तेथे एकाचा तास चालू असताना दुसऱ्याने हात बांधून बसावे, हेही आपण पाहिले आहे. सामान्य कुटुंबात दहा हजार रुपये ही घरखर्चातून थोडी थोडी बाजूला काढलेली रक्कम असते. ती चुकीच्या वस्तूवर गेली तर पुन्हा उभी करावयास वर्ष लागते, आणि ते वर्ष विद्यार्थ्याच्या आयुष्यातील असते. यास्तव ही रक्कम विचारपूर्वक खर्च व्हावी, एवढाच माझा हेतू आहे.

हैदराबादेत अफझलगंजसारख्या पेठेत राहणाऱ्याला या विचारासाठी दूर जावे लागत नाही. मुसी नदीच्या उत्तर काठावरील ही पेठ १८५७ ते १८६९ या काळात गादीवर असलेल्या पाचव्या निजामांच्या, अफझलउद्दौला यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिचा जुना लौकिक धान्याच्या व्यापाराचा आहे. धान्याचे जाणते गिऱ्हाईक पोत्यावरचा छाप पाहून सौदा करीत नाही. ते पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेते, फुंकर मारते, एखादा दाणा दाताखाली धरते आणि मग भावाची गोष्ट काढते. फोनच्या दुकानात शिरल्यावर मात्र तेच गिऱ्हाईक खोक्यावरचा छाप वाचून पैसे मोजते.

याच अफझलगंजात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ साली आसफिया ग्रंथालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९३६ पासून नदीकाठच्या आजच्या भव्य वास्तूत नांदत आहे. स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे तासन्‌तास बसलेली दिसतात. पुस्तक उघडे आणि शेजारी फोन, हे आता नित्याचेच चित्र. महात्मा गांधी बसस्थानक हाकेच्या अंतरावर. मराठी मंडळींनी उभारलेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्थाही जांबागेत, म्हणजे जवळच. आणि फोन घ्यावयाचा तर कोठीची गुजराती गल्ली किंवा अबिड्सचे जगदीश मार्केट गाठावयाचे. तेथे दुकानांची दाटी एवढी की, पाचव्या दुकानापर्यंत पोहोचताना पहिल्या दुकानात काय सांगितले होते तेच विसरावे! म्हणून बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसणे श्रेयस्कर.

जुळी भावंडे

कागदावर मधोमध उभी रेघ ओढावी. एकीकडे पहिला फोन, दुसरीकडे दुसरा. ज्या ज्या बाबतीत दोन्ही सारखे आहेत, त्या त्या बाबी सरळ खोडून टाकाव्यात. ही कृती साधी वाटते, परंतु तिचा उपयोग मोठा आहे. विक्रेता आपणांस ज्या गुणांची वर्णने ऐकवितो ते बहुधा दोन्ही फोनांत सारखेच असतात. आणि जे दोहोंत आहे, त्यावरून निवड होऊच शकत नाही. उरलेल्या चार-दोन ओळी हाच खरा प्रश्न.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०२३ च्या डिसेंबरात रेडमी १३सी ५जी आणि पोको एम६ ५जी असे दोन फोन पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने भारतात जाहीर झाले. दोन्ही नावे शाओमी या एकाच चिनी कंपनीच्या कुळातील. दोहोंचा पडदा ६.७४ इंची, दोहोंत मीडियाटेक कंपनीची डायमेन्सिटी ६१००+ हीच चिप, मागील मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, पुढील ५ चा, आणि बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची. फरक मुख्यतः पाठीच्या रूपात, नावात आणि विक्रीच्या वाटेत. आता जाहीर झालेल्या किमती पाहा. ४ जीबी रॅम व १२८ जीबी साठवणीचा रेडमी १०,९९९ रुपयांस, तर तसाच पोको १०,४९९ रुपयांस. ६ जीबी रॅमचा रेडमी १२,४९९ रुपयांस, तर तसाच पोको ११,४९९ रुपयांस.

या चार आकड्यांत मोठा बोध आहे. पहिल्या जोडीत अंतर पाचशेचे, दुसऱ्या जोडीत हजाराचे. आणि हे अंतर यंत्राचे नसून नावाचे व दुकानाचे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ४ जीबीचा रेडमी घेणाऱ्याने आणखी केवळ पाचशे रुपये घातले असते, तर त्याला ६ जीबीचा पोको मिळाला असता. म्हणजे दोन सारख्या फोनांची तुलना करताना दोन नावांची नव्हे, तर दोन्ही नावांखालील सर्व प्रकारांची एकत्र मांडणी करावयास हवी. हे भाव त्या वेळचे आहेत. ती जोडी आज दुकानात दिसेलच असे नाही. परंतु तिच्या जागी दुसरी जोडी दिसेल, कारण एकच घडण दोन नावांनी विकण्याची ही रीत या धंद्यात रूढ आहे.

मग नावाचे पैसे कधीच देऊ नयेत काय? तसेही नव्हे. एक फोन शेजारच्या दुकानात हाताळावयास मिळतो, बिघडला तर तो दुकानदार ओळखीचा असतो. दुसरा केवळ संगणकावरून मागवावा लागतो. गावाकडच्या पालकांना या सोयीसाठी पाचशे रुपये जास्त देणे योग्य वाटले, तर तो निर्णय शहाणपणाचाच. फक्त आपण सोयीचे पैसे देत आहो, यंत्राचे नव्हे, हे ठाऊक असावे.

खोक्यावरील आकडे

आता खोक्यावरील आकड्यांचा अर्थ थोडक्यात पाहू. साठवण म्हणजे कपाट, आणि रॅम म्हणजे ज्यावर पुस्तके उघडून काम करावयाचे ते मेज. मेज लहान असेल तर एक पुस्तक उघडताना दुसरे मिटावे लागते. अर्ज भरता भरता छायाचित्र आणावयास गेलो आणि परतलो तो अर्ज कोरा, हा अनुभव त्यातलाच. जाहिरातीत पुष्कळदा "४ अधिक ४, एकूण ८" असे छापलेले असते. त्यातील दुसरे चार हे खरे मेज नव्हे. कपाटातला एक खण रिकामा करून त्यावर काम करण्याची ती युक्ती आहे. कपाटाशी जाण्या-येण्यास वेळ लागतोच. तुलना करताना पहिलाच आकडा धरावा.

कॅमेऱ्याच्या ५० मेगापिक्सेलचेही असेच. असे कॅमेरे सामान्यतः चार लहान ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवितात आणि चित्र साडेबारा मेगापिक्सेलचेच उतरते. त्यात फसवणूक नाही. कमी उजेडात चित्र बरे यावे म्हणून ती योजना आहे. परंतु ५० व १३ या आकड्यांत जेवढे अंतर भासते तेवढे चित्रांत पडत नाही. फळ्यावरील गणित आणि गुणपत्रिका स्वच्छ उतरली, म्हणजे विद्यार्थ्याचे काम भागले.

पडद्याकडे मात्र विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे, कारण त्याला त्यावर वाचावयाचे असते. सुमारे पावणेसात इंची पडद्यावर ७२० गुणिले १६०० ठिपके असतील, तर एका इंचात सुमारे २६० ठिपके येतात. १०८० गुणिले २४०० असतील, तर सुमारे ३९०. चित्रपट पाहताना हा भेद जाणवणार नाही, पण छापील पुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर आणले की मराठीतील जोडाक्षरे आणि मात्रा-वेलांट्या एकीकडे सुबक दिसतात व दुसरीकडे किंचित विटतात. रोज तीन-चार तास वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक कळतो. दुकानात फोन पाहताना नाचगाण्याची चित्रफीत न लावता आपल्या अभ्यासाचे एक पान उघडून पाहावे. हीच ती मूठभर दाण्यांची परीक्षा.

बॅटरीचे मोजमाप ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. ५,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. ९ वॅटचा एलईडी दिवा दोन तास जळावा एवढीच ती वीज. दोन्ही फोनांत आकडा सारखाच असेल, तर ही ओळ कागदावरून खोडली जाते. उरते ती खोक्यातील चार्जरची चौकशी. वर सांगितलेले दोन्ही फोन १८ वॅटची गती पेलणारे, पण खोक्यात मिळणारा चार्जर १० वॅटचा. काही फोनांबरोबर तर चार्जर मुळीच येत नाही. तो वेगळा घ्यावा लागणार असेल, तर त्याची किंमत फोनच्या किमतीत मिळविल्याखेरीज तुलना पुरी होत नाही.

किंमत महिन्यावर मोजावी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दोन सारख्या फोनांत खरा भेद असतो तो आयुष्याचा, आणि तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो. फोनचे आयुष्य काच फुटेपर्यंत किंवा बॅटरी थकेपर्यंत एवढेच नव्हे. फोन चालविणाऱ्या प्रणालीत चोरांना शिरता येईल अशा फटी वेळोवेळी सापडतात, आणि कंपनी दुरुस्ती पाठवून त्या बुजविते. या दुरुस्त्या थांबल्या तरी फोन चालू राहतो; पण बँकेचे व्यवहार करणाऱ्यास तो कुलूप सैल झालेल्या पेटीसारखा होतो. पुढे काही वर्षांनी नवी अॅपे त्यावर चालेनाशी होतात.

म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न विचारावा तो हा : या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, आणि ती वर्षे केव्हापासून मोजावयाची? प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नये. ही मुदत बहुधा फोन बाजारात प्रथम आला त्या दिवसापासून धावू लागते, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. दीड वर्षापूर्वीचा फोन सवलतीत मिळतो, तेव्हा त्याची दीड वर्षे आधीच सरलेली असतात. कंपन्यांची वचने सारखी नाहीत. सॅमसंगने २०२४ च्या ऑक्टोबरात आणलेल्या गॅलॅक्सी ए१६ ५जी या फोनला सहा वर्षांच्या दुरुस्त्या जाहीर केल्या. त्याच कंपनीच्या २०२५ मधील स्वस्त गॅलॅक्सी ए०६ ५जी ला चार वर्षांच्या. काही स्वस्त फोनांना दोनच वर्षांचे वचन असते. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला आहे : प्रणालीच्या दुरुस्त्या विक्री संपल्यापासून निदान पाच वर्षे मिळाव्यात, आणि बॅटरीने ८०० वेळा भरल्या-रित्या झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के वीज धरावी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी २०२४ मध्ये समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. म्हणजे ही वर्षांची चौकशी कोणा चिकित्सक गिऱ्हाइकाची लहर नव्हे. जगाचे कायदे आता तिकडेच वळत आहेत.

वर्षे कळली की गणित सोपे होते. समजा, एक फोन ९,६०० रुपयांचा आहे आणि तो दोन वर्षे निर्धोक चालेल. दुसरा १२,००० रुपयांचा आहे आणि चार वर्षे चालेल. पहिल्याचा खर्च महिन्यास ४०० रुपये, दुसऱ्याचा २५०. जो दुकानात स्वस्त दिसला तो घरात महाग पडला! पदवीचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी घेतलेला फोन शेवटच्या परीक्षेपर्यंत पुरावा, ही विद्यार्थ्याची खरी गरज. दोन फोन अन्य सर्व बाबतींत जुळत असतील, तर अधिक वर्षे साथ देणारा घ्यावा. माझ्या मते बहुतेक प्रसंगी एवढा एकच नियम पुरेसा आहे. त्याला जोड म्हणून नव्या पडद्याचा आणि नव्या बॅटरीचा भाव सेवाकेंद्रात विचारून ठेवावा. चार वर्षांत निदान बॅटरी तरी एकदा बदलावी लागेल, असे धरून चालावे.

दुसरी चौकशी जाळ्याची. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. परंतु सर्व कंपन्यांनी ती एकाच पद्धतीने उभारली नाही. जिओने स्वतंत्र ५जी जाळे उभारले, तर एअरटेलने आरंभी जुन्या ४जी जाळ्याच्या आधाराने ५जी दिले. २०२४ च्या अखेरीस रेडमी ए४ ५जी आणि पोको सी७५ ५जी ही आणखी एक जुळी जोडी आली. किमती अनुक्रमे ८,४९९ व ७,९९९ रुपयांपासून. पण दोहोंत केवळ स्वतंत्र पद्धतीचीच सोय. परिणामी, ते विक्रीस आले तेव्हा जिओच्या ग्राहकास त्यांवर ५जी मिळे आणि एअरटेलच्या ग्राहकास ४जीवर समाधान मानावे लागे. खोक्यावर "५जी" हे एकच अक्षर-अंक छापलेले, पण अर्थ ग्राहकागणिक निराळा. म्हणून आपले सिमकार्ड कोणाचे, आणि आपल्या खोलीवर कोणाचे जाळे चांगले येते, हे आधी पाहावे आणि मग फोन पाहावा.

हप्त्यांचा मोह

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, गणित पटले, पण हातात ९,६०० रुपयेच आहेत!" अडचण खरी आहे, आणि तिचा फायदा घेण्यासाठी "बिनखर्ची हप्ते" ही पाटी दुकानात लटकत असते. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले आहे की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. अशा योजनेत व्याजाएवढी सूट किमतीत दाखवितात आणि तेच व्याज हप्त्यांतून घेतात. समजा, ते व्याज ५०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कराचे ९० रुपये पडतात. प्रक्रियेचे शुल्क २०० रुपये असल्यास त्यावर कराचे आणखी ३६. झाले सव्वातीनशे रुपये. शिवाय रोखीच्या गिऱ्हाइकास मिळणारी सूट गेली ती वेगळीच, आणि एखादा हप्ता चुकल्यास दंड. बँकेच्या पत्रावर मिळणारी हजाराची सवलतही ज्याच्याजवळ ते पत्र आहे त्याच्यासाठी. विद्यार्थ्याने ती किमतीतून वजा धरून हिशेब करू नये.

कर्ज काढून चांगला फोन घेण्यापेक्षा तीन-चार महिने थांबून रक्कम जमविणे बरे. थांबणे शक्य नसेल, तर पदरच्या पैशांत येईल तोच घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. ओळखीच्या माणसाचा वर्षभर वापरलेला चांगला फोन हाही एक मार्ग आहे. मात्र जुना फोन असो वा नवा, पैसे देण्यापूर्वी तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी कळ दाबावी. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. संदेशात केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर पाठविला, की तो फोन कोणत्या बनावटीचा आहे आणि त्याचा क्रमांक बंद केलेला आहे काय, हे कळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरही ही सोय आहे. चोरीचा फोन स्वस्तात घेऊन पुढे तो बंद पडला, तर पैसे गेलेच, आणि वर चौकशीचा ससेमिरा.

पक्की पावती न घेता दुकानाची पायरी उतरू नये. फोनवरील १८ टक्के कर आपण किमतीतच भरलेला असतो. पावतीवर आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. हमीच्या काळात बिघाड झाला आणि दाद मिळेना, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ ध्यानात असू द्यावा.

विद्यार्थिमित्रांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. दोन फोन इतके सारखे असतात तेव्हा मनाची ओढाताण होते, आणि आठ-आठ दिवस दुसरा विषय सुचत नाही. वास्तविक दोहोंतील अंतर जितके कमी, तितके निवड चुकल्याचे नुकसानही कमी. सारख्या बाबी खोडा. साथीची वर्षे, वाचण्याजोगा पडदा, आपल्या खोलीवरचे जाळे आणि दुरुस्तीचा भाव या चार ओळी उरू द्या. रोखीची पूर्ण किंमत महिन्यांनी भागा. उत्तर एका संध्याकाळी निघेल. एकदा घेतल्यावर दुसऱ्याच्या हातातील फोनकडे पाहून हळहळू नये. तुलनेत वाचलेला वेळ अभ्यासाला आणि किमतीत वाचलेले पाचशे रुपये पुस्तकाला लावले, तर निवड अचूक ठरली असे खुशाल समजावे. ज्या आईबापांनी ती रक्कम जमविली, त्यांचाही हिशेब त्यातच पुरा होतो.